रकाना सतरा

मागच्या खेपेला आले होते, त्याला तीन उन्हाळे झाले.
पांढरी जीप, निळे डबे, बर्फाची पेटी.
एकशे बारा जणींच्या बोटांतून
थेंब थेंब नेलं.
मग ज्वारी निघाली, शाळेचे पत्रे उडाले,
सुगलव्वा गेली.
कागद काही आला नाही.

मी दानम्मा, गावची आशा.
विद्यापीठ आलं की त्यांची वाट मी,
गेलं की गावाच्या शिव्यांची वाट मीच.

या वेळी जीप थांबली
तर गंगव्वा चाकापुढंच बसली, मांडी घालून.
"आमचं रगात कुठाय?
त्यात काय निगालं ते आधी सांगा,
मग बोटाचं बघू."

मॅडम काही बोलल्या नाहीत. जीप वळली.
मला वाटलं, झालं, गेलं हेही.

नवव्या दिवशी त्या एसटीनं आल्या.
काखेत जुनी फाईल, मागं एकच पोरगी,
वैष्णवी गाजुल, सोलापूरचीच.
मठाच्या कट्ट्यावर बसून
ज्याचा कागद त्याच्या हातात दिला,
ज्याचा आकडा त्याच्या कानात.
त्या मराठीत सांगत, मी कन्नडात.
एकशे बारातल्या एकोणऐंशी जणी फिकट.
सुगलव्वाचा कागद घ्यायला तिची सून उठली.
घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली,
गाठ सोडली, उघडून पुन्हा बघितलं.
सहा पॉइंट एक.
तीन वर्षं हा आकडा
एसटीनं दीड तासावरच्या कपाटात होता.

मॅडम म्हणाल्या, "चुकलं आमचं."
एवढंच म्हणाल्या. बरं केलं.

मग नवा फॉर्म.
सोळा प्रश्न छापलेले,
सतरावा रकाना: इतर, असल्यास.
जागा बोटभर.

"हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा?"
"बाजार किती वेळा भरतो ते विचार की," गंगव्वा म्हणाली.
वैष्णवीनं लिहिलं. सतरामध्ये.
बीपीच्या गोळ्या बारा तारखेला संपतात,
बीपी संपत नाही. सतरामध्ये.
तालुक्याला रक्त तपासायची खिडकी अकराला बंद,
आमची एसटी तिथं पोचते अकरा वीसला.
डॉक्टर मराठीत विचारतो,
पोट कन्नडात दुखतं.
सतरामध्ये, सतरामध्ये,
रकाना भरला, समास भरला,
मग तिनं पान उलटं केलं
आणि छापील सोळा प्रश्न
खाली, कट्ट्याच्या दगडाला टेकले.

सुई काढली तेव्हा गंगव्वानं हात मागं घेतला.
"आधी तुझं."
पोरगी हसली. मग हसायची थांबली.
बोट पुढं केलं.
तर्जनीच्या पेरावर पिवळट डाग होता,
आजीबरोबर रोज पाचशे विड्या वळून
मग कॉलेजला जायची ती.
मशीननं जरा वेळ घेतला.
सात पॉइंट नऊ.

आमच्यातल्या निम्म्याजणींपेक्षा कमी.
कट्ट्यावर कुणी शब्द काढला नाही.
कुणीतरी कडक भाकरी आणली, शेंगाचटणी,
कुणीतरी आतून गुळाचा खडा.
"खा गं. लिहिशील मग."

मी माझ्या वहीत नोंद केली:
गाजुल वैष्णवी, वय बावीस,
मुक्काम विडी घरकुल.
मॅडम हळूच म्हणाल्या,
"दानम्मा, ती आपल्या नमुन्यात धरता येणार नाही."
गंगव्वाला मराठी येत नाही असं मॅडमना वाटायचं.
"तुमच्यात नका धरू," ती म्हणाली,
"आमच्यात धरा."

संध्याकाळी एसटी सुटली.
मी पेटीतल्या लोहाच्या पट्ट्या मोजल्या.
बारा तारखेपर्यंतही पुरत नव्हत्या,
त्यात आता एक कमी.